इराणचे राजपुत्र, दख्खनचे सुभेदार : एका अभ्यासाची प्रस्तावना

मंठ्याहून शाळेची सहल निघाली की वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा ही ठिकाणे ठरलेली. मकबऱ्यात औरंगजेबाची बेगम दिलरसबानू पुरलेली आहे, राबिया-उद्-दौरानी हा तिचा मृत्यूनंतरचा किताब, एवढे मुलांना सांगितले जाते. ती कोणाची लेक, हे बहुधा कोणी सांगत नाही आणि कोणी विचारतही नाही. ज्या अभ्यासाची ओळख मला इथे करून द्यायची आहे, त्याची सुरुवात याच प्रश्नापासून होते.

दिलरसबानूचा बाप मिर्झा बदीउज्जमान सफवी. मोगल दरबाराने त्याला शाहनवाजखान हा किताब दिला आणि इतिहासात तो त्याच नावाने वावरतो. त्याचा बाप मिर्झा रुस्तम, आजा कंदाहारचा धनी सुलतान हुसेन मिर्झा, पणजा बहराम मिर्झा आणि खापरपणजा शाह इस्माईल. १५०१ मध्ये तब्रीझला इराणच्या गादीवर बसून ज्याने सफवी राजवंश उभा केला, तो हा शाह इस्माईल. म्हणजे ज्या कबरीपुढून आपली पोरे रांगेने जातात, ती इराणच्या राजघराण्यातल्या मुलीची आहे. तिचा बाप, आजा, चुलते, मेहुणे हे सगळे हिंदुस्थानात सुभेदार, सरदार, दरबारी म्हणून जगले आणि इथेच मेले. राजवंशात जन्मलेला माणूस परक्या बादशहाची चाकरी करायला का येतो? आल्यावर त्याच्या वाट्याला काय येते? आणि तो ज्या मुलखावर अंमल करतो, त्या मुलखाच्या वाट्याला काय येते? पहिल्या दोन प्रश्नांवर जगभर भरपूर लिहिले गेले आहे. तिसरा प्रश्न आपला आहे, आणि तो विचारायला मंठ्याइतकी चांगली जागा नाही असे मला मनापासून वाटते.

मंठा जालना–जिंतूर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव. उत्तरेला लोणार, दक्षिणेला परतूर, पलीकडे सिंदखेडराजा. १९८१ मध्ये जालना जिल्हा झाला तोवर हा भाग परभणी जिल्ह्यात होता. जुन्या काळी हा दौलताबाद आणि वऱ्हाड यांच्या मधला पट्टा. इथे राजधानी नव्हती, मोठा किल्ला नव्हता. जमीन होती, गावे होती, देशमुख–देशपांडे होते आणि वसूल होता. बादशहाच्या दरबारातल्या राजपुत्राचा पगार अशाच परगण्यांतून निघे. दिल्ली किंवा इस्फहानच्या बाजूने या माणसांची चरित्रे वाचली की ती वंशावळी, मोहिमा आणि किताब यांनी भरलेली दिसतात. ज्या जमिनीने त्यांना पोसले तिच्या बाजूने वाचली की तीच चरित्रे आपल्या इतिहासाचा भाग होतात. या क्षेत्रात येणाऱ्या मराठी वाचकाने एवढी एक दिशा धरून ठेवावी.

आता रुस्तम मिर्झापासून सुरुवात करू. कंदाहार हे इराण आणि हिंदुस्थान यांच्या वाटेवरचे नाक. सफवी घराण्याच्या या शाखेकडे ते होते, पण भाऊबंदकी, उझबेकांचा दाब आणि इराणच्या शाह अब्बासची केंद्राकडे सत्ता खेचण्याची धडपड यांत या भावांना तिथे टिकाव धरणे अवघड झाले. रुस्तम १५९३ मध्ये अकबराकडे आला. अकबराने त्याला मुलतान दिले. दोन वर्षांनी त्याचा भाऊ मुजफ्फर हुसेन यानेही कंदाहार मोगलांच्या हवाली करून तीच वाट धरली. पुढे जहांगीरने रुस्तमला सिंधमधल्या ठठ्ठ्याची सुभेदारी दिली. तिथल्या लोकांवर त्याने जुलूम केला अशा तक्रारी गेल्या आणि त्याला परत बोलावण्यात आले. नंतर बिहारचीही सुभेदारी त्याला मिळाली. ठठ्ठ्याची ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. राजकुलीन असणे म्हणजे चांगला कारभारी असणे नव्हे, हे खुद्द बादशहाच्या आठवणींतून कळते, आणि प्रजेची तक्रार सुभेदारापर्यंतच थांबत नव्हती हेही कळते.

मग असा माणूस मोगलांना हवा कशाला होता? एक तर कंदाहारवरचा हक्क. ते शहर १५९५ मध्ये मोगलांकडे आले, १६२२ मध्ये शाह अब्बासने घेतले, १६३८ मध्ये तिथला इराणी अधिकारी अली मर्दानखान याने पुन्हा मोगलांना दिले, १६४९ मध्ये ते कायमचे गेले. या सगळ्या काळात कंदाहारच्या सफवींची पोरे आपल्या पदरी असणे हे दरबाराच्या दृष्टीने मोलाचे होते. दुसरे कारण सोयरीक. मुजफ्फर हुसेनची मुलगी शाहजहानला दिली, ती कंदाहारी बेगम. रुस्तमच्या मुली शाहजाद्यांच्या घरात गेल्या. शाहनवाजखानाने एक मुलगी १६३७ मध्ये औरंगजेबाला आणि दुसरी, सकीनाबानू, काही वर्षांनी मुरादबक्षाला दिली. तैमूरच्या वंशाला सफवी रक्ताची जोड हवी होती आणि राज्य गमावलेल्या सफवींना तैमूरच्या वंशाचा आसरा. हा व्यवहार दोन्ही बाजूंनी उघड्या डोळ्यांनी होत होता.

शाहनवाजखानाचा दख्खनशी संबंध नुसता जावयापुरता नव्हता. १६४८ मध्ये शाहजहानने मुरादबक्षाला दख्खनचा सुभेदार केले तेव्हा त्याच्यावर वडीलधारा म्हणून शाहनवाजखानाला नेमले. मुराद तरुण, तापट; सासरा अनुभवी. दोघांचे पटले नाही, आणि सव्वा वर्षाच्या आत मुरादला परत बोलावण्यात आले. आपण ही गोष्ट सासरे–जावयाची कुरबुर म्हणून वाचतो. पण त्याच काळात दख्खनचे सुभेदार भराभर बदलत होते. १६४४ मध्ये औरंगजेब गेला आणि १६५३ मध्ये परत आला. मधल्या वर्षांत एकाही सुभेदाराला इथली घडी बसवता आली नाही. दरबारातला मतभेद परगण्यात उतरतो तो वसुलीच्या रूपाने. नवा सुभेदार आला की नवे जहागीरदार, नवे आमील, नव्या मागण्या. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो विहीर बांधायला कर्ज देणार नाही. हाताला लागेल ते उचलेल.

१६५७ सालच्या सप्टेंबरमध्ये औरंगाबादेत दिलरसबानूला मुलगा झाला, तोच पुढे बंड करून संभाजीराजांकडे आलेला आणि शेवटी इराणात मेलेला शाहजादा अकबर. बाळंतपणानंतर महिन्याभरात, ८ ऑक्टोबर १६५७ ला, ती वारली. त्याच सुमारास शाहजहान आजारी पडला आणि चारही भाऊ गादीसाठी उठले. फेब्रुवारी १६५८ मध्ये औरंगजेब औरंगाबादेहून निघाला, बुऱ्हाणपुरात थांबला आणि २० मार्चला उत्तरेकडे सरकला. शाहनवाजखान मात्र बुऱ्हाणपुरातच रेंगाळला. जिवंत बादशहाविरुद्ध, आपल्या धन्याविरुद्ध चालून जायला त्याचे पाऊल उचलेना. औरंगजेबाने मांडव्याच्या मुक्कामावरून आपला थोरला मुलगा मुहम्मद सुलतान आणि शेख मीर यांना मागे धाडले आणि सासऱ्याला धरून बुऱ्हाणपूरच्या किल्ल्यात कैद केले. लेक जाऊन सहा महिनेही झाले नव्हते.

दाराविरुद्धची सामूगढची लढाई जिंकल्यावर औरंगजेबाने त्याला सोडले आणि गुजरातची सुभेदारी दिली. दरम्यान दुसरा जावई मुराद मथुरेजवळ दग्याने पकडला जाऊन कैदेत पडला होता. जानेवारी १६५९ मध्ये हरलेला, पळणारा दारा शुकोह अहमदाबादेच्या वेशीपाशी आला. शाहनवाजखानाने दरवाजे उघडले, मुरादचा तिथला खजिना त्याच्या हाती दिला आणि स्वतःही त्याच्याबरोबर निघाला. मार्चमध्ये अजमेरजवळ देवराईच्या खिंडीत दाराचा शेवटचा मोठा पराभव झाला. त्या लढाईत शाहनवाजखान मारला गेला.

हे त्याने का केले? कैदेचा अपमान, मुरादची गत, दाराबद्दलची कणव, की आलेल्या सैन्यापुढे हात टेकणे? जुन्या–नव्या इतिहासकारांनी यांतले एकेक कारण उचलले आहे. मला कोणतेही एकच कारण पुरेसे वाटत नाही. पण एक गोष्ट दिसते : बुऱ्हाणपुरात आणि अहमदाबादेत, दोन्ही वेळा त्याने जिंकणाऱ्या जावयाची बाजू घेतली नाही. ज्या माणसाचे सगळे आयुष्य बादशाही नोकरीच्या शिस्तीत गेले, त्याच्या आयुष्यात अशी दोन वळणे असणे हे चरित्रकाराला थांबायला लावणारे आहे. नव्या अभ्यासकाने अशा जागी घाईने निवाडा करू नये. त्या काळची पत्रे, तारखा आणि माणसे एकमेकांशेजारी मांडून बघावीत.

आता आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. मनसबदाराला दर्जाचे दोन आकडे असत, जात आणि सवार : एक त्याच्या स्वतःच्या मानाचा, दुसरा त्याने ठेवायच्या घोडेस्वारांचा. पगार दामांत मोजला जाई, चाळीस दामांचा एक रुपया धरून, आणि तो रोख मिळण्याऐवजी बहुधा जहागिरीच्या रूपाने मिळे. कागदावर परगण्याचा जो आकडा असे ती जमा, आणि प्रत्यक्षात हाती येई तो हासिल. दख्खनमध्ये या दोहोंतले अंतर भयंकर होते. १६३० ते १६३२ च्या दुष्काळाने आणि निजामशाही संपवणाऱ्या लढायांनी गावेच्या गावे ओस पडली होती. औरंगजेब १६५३ मध्ये दुसऱ्यांदा दख्खनवर आला तेव्हा चारही सुभ्यांची कागदोपत्री जमा सुमारे ३ कोटी ६२ लाख रुपये होती आणि वसूल सुमारे १ कोटी. म्हणूनच जहागिरीची किंमत महिन्यांच्या हिशोबाने धरत : बारमाही म्हणजे पूर्ण उत्पन्नाची, चारमाही म्हणजे वर्षाच्या तिसऱ्या हिश्शाएवढेच देणारी. राजपुत्राचा किताब कितीही लांब असो, त्याच्या घोड्यांचा दाणा याच हिशोबातून यायचा.

इथे दुसरा एक इराणी येतो. तो राजकुलातला नव्हता, पण मराठवाड्याच्या जमिनीवर त्याचा ठसा राजपुत्रांपेक्षा खोल आहे. खुरासानचा मुर्शिदकुलीखान. अली मर्दानखानाने कंदाहार मोगलांना दिले तेव्हा त्याच्याबरोबर तो हिंदुस्थानात आला. १६५३ च्या सुमारास तो बालाघाटाचा, म्हणजे घाटमाथ्यावरच्या प्रदेशाचा दिवाण झाला आणि नंतर सगळ्या दख्खनचा. मंठा, परतूर, जालना हा भाग घाटमाथ्यावरचा. दख्खनमध्ये तोवर नांगरामागे ठोक रक्कम घेण्याची चाल होती. जमीन हलकी की भारी, पीक कोणते, पाणी कशाचे, याला त्यात फारशी जागा नव्हती. मुर्शिदकुलीखानाने एकच पद्धत सगळीकडे लादली नाही. मागास भागात नांगरावरची ठोक रक्कम राहू दिली. दुसरी पद्धत पिकाच्या वाटणीची : पावसावरच्या पिकाचा निम्मा हिस्सा सरकारचा, विहिरीवरच्या धान्याचा तिसरा, ऊस–द्राक्षांसारख्या पिकांचा पाणी, खर्च आणि लागवडीचा काळ बघून नवव्यापासून चौथ्यापर्यंत. तिसरी पद्धत जमीन मोजून बिघ्यावर धारा ठरवण्याची. ओस गावांत मुकादम नेमले, बैल–बियाण्यासाठी तगाई दिली आणि ती हप्त्यांनी फेडून घेतली. मोजणीत लबाडी होऊ नये म्हणून दिवाण स्वतः दोरीचे एक टोक धरून उभा राही, असे त्याच्या चरित्रात लिहिलेले आहे. तो १६५८ मध्ये धर्मतच्या लढाईत औरंगजेबाच्या बाजूने लढताना पडला.

त्याच्या कामाची थोरवी मी मान्य करतो. तरी वाचकाने इथे सावध राहावे. त्याची स्तुती करणारी साधने जहागीरदारांच्या वर्गातली आहेत. जमीन पुन्हा लागवडीखाली आली ही कुणब्याची सोय होतीच, पण धन्याच्या पगाराचीही होती, आणि पावसावरच्या पिकाचा निम्मा हिस्सा हा काही हलका भार नव्हे. शिवाय मलिक अंबरची धाराबंदी या मुलखाने त्याआधी पाहिलेली होती. तिची आठवण मराठी कागदांत टिकून राहिली. अंबर आणि मुर्शिदकुलीखान, एक हबशी गुलामीतून वर आलेला आणि एक इराणातून आलेला, यांच्या पद्धती गावपातळीवर कुठे जुळतात आणि कुठे तुटतात, हे फारसी आणि मोडी कागद शेजारी ठेवल्याशिवाय कळणार नाही. हे काम मराठवाड्यातल्या माणसाने करायचे आहे. शिवार, विहीर, पाऊस आणि हलके–भारी रान यांची जाण त्याच्याकडे आधीपासून असते.

सुभेदारांइतकाच रसाळ भाग वकिलांचा आणि राजदूतांचा आहे, आणि त्यासाठी निजामशाहीच्या अहमदनगरकडे जावे लागते. शाह ताहिर हुसेनी हा कझविनजवळच्या खुंद गावचा सय्यद. त्याची वंशरेषा आलमूतच्या इस्माइली इमामांपर्यंत जाते, आणि त्या पंथाच्या एका शाखेचा तो स्वतः इमाम होता. राज्य नव्हते, पण अनुयायांच्या मनातले राजपद होते, आणि तेवढ्यानेच शाह इस्माईलच्या दरबारात त्याच्यावर संशय आला. १५२० मध्ये जीव वाचवून तो समुद्रमार्गे गोव्याला उतरला. विजापुरात त्याची दखल कोणी घेतली नाही. तो परंड्याला आला आणि तिथल्या किल्लेदाराने त्याला ठेवून घेतले. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहचा गुरू पीर मुहम्मद कामानिमित्त परंड्याला आला, त्याने शाह ताहिरपाशी टॉलेमीचा ज्योतिषग्रंथ वाचला आणि परत जाऊन सुलतानाला सांगितले की असा माणूस आपल्या मुलखात बसला आहे. १५२२ मध्ये शाह ताहिर अहमदनगरला गेला आणि मरेपर्यंत तिथला सर्वांत वजनदार सल्लागार राहिला. सोळाव्या शतकात परंड्याच्या किल्ल्यात ग्रीक खगोलशास्त्राचा पाठ चालला होता, ही गोष्ट मराठवाड्यातल्या प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक असायला हवी.

त्याच्या वकिलीची एक गोष्ट इतिहासकार फिरिश्ता सांगतो. गुजरातचा बहादुरशाह प्रबळ झाला होता आणि बुऱ्हाण निजामशाहला त्याच्या भेटीला जाणे भाग होते. बहादुरशाह तख्तावर बसलेला आणि आपण समोर उभे, हे बुऱ्हाणला सोसवेना. शाह ताहिरने हजरत अलींच्या हातची मानली जाणारी कुराणाची प्रत डोक्यावर घेतली आणि तो पुढे चालू लागला. ती पाहताच बहादुरशाह तख्तावरून उतरून सामोरा आला, आणि दोन सुलतान उभ्याउभ्या भेटले. गोष्ट रंगवलेली असेल, पण राजदूताचे काम काय असते हे तिच्यातून जितके कळते तितके तहनाम्यांच्या कलमांतून कळत नाही. दुबळ्या धन्याची अब्रू राखणे आणि प्रबळाला अपमान न वाटू देणे, दोन्ही एकाच पावलात.

त्याच अहमदनगरहून खुर्शाह बिन कुबाद हा वकील म्हणून इराणला गेला आणि १५४५ मध्ये शाह तहमास्पच्या दरबारी पोचला. तिथे त्याने बरीच वर्षे काढली आणि एक इतिहास लिहिला. तो ‘तारीख-ए-इलची-ए-निजामशाह’ म्हणून ओळखला जातो. सफवींच्या पहिल्या पिढ्यांसाठी इराणचे अभ्यासक आजही ज्याच्याकडे वळतात, तो ग्रंथ अहमदनगरच्या राजदूताचा आहे. शाह ताहिरचा मुलगा शाह हैदर हाही निजामशाहीच्या कामाने तहमास्पकडे गेला होता. बाप वारला तेव्हा तो इराणातच होता. ज्या देशातून बाप पळाला, त्याच देशात मुलगा दुसऱ्या राज्याचा वकील म्हणून मानाने गेला.

याआधीचा थोर नमुना बहामनी वजीर महमूद गावान. गीलानच्या मातब्बर घराण्यातला, व्यापारी म्हणून १४५३ मध्ये दाभोळला उतरलेला. पुढे तो वजीर झाला, १४७२ मध्ये गोवा घेतला, बीदरला मदरसा बांधला, चार मोठ्या तरफांच्या आठ केल्या. वऱ्हाडातून माहूर वेगळे काढले ते तेव्हाच. त्याची पत्रे ‘रियाजुल इन्शा’ या संग्रहात आहेत, त्यांत दूरदूरच्या सुलतानांना आणि जामीसारख्या कवींना लिहिलेली पत्रे आहेत. १४८१ मध्ये बनावट पत्राच्या आधारे त्याला ठार करण्यात आले. त्याच्यावर हारूनखान शेरवानींचे इंग्रजी चरित्र आहे आणि रिचर्ड ईटन यांचे एक सुंदर प्रकरण; म्हणून त्याच्यावर इथे मी थांबत नाही.

साधनांकडे वळलो की पुन्हा औरंगाबादच समोर येते. मोगल सरदारांच्या चरित्रांचा सर्वांत मोठा कोश ‘मआसिरुल उमरा’. सातशेहून अधिक चरित्रांचा हा ग्रंथ दिल्लीत नव्हे, औरंगाबादेत लिहिला गेला. लेखक मीर अब्दुर रज्जाक, किताब समसामुद्दौला शाहनवाजखान. त्याचे घराणे खुरासानातल्या ख्वाफचे, जन्म १७०० मध्ये लाहोरचा. तो वऱ्हाडचा दिवाण होता. १७४१ मध्ये नासिरजंगाने बापाविरुद्ध, म्हणजे पहिल्या निजामाविरुद्ध, बंड केले तेव्हा तो नासिरजंगाच्या बाजूला राहिला आणि पदावरून उतरला. घरी बसावे लागलेल्या त्या वर्षांत त्याने हे लेखन केले. पुढे सलाबतजंगाच्या काळात तो राज्याचा मुख्य कारभारी झाला आणि फ्रेंचांशी चाललेल्या झगड्यात १२ मे १७५८ रोजी औरंगाबादेत मारला गेला. घर लुटले गेले, ग्रंथाचे कागद विखुरले. त्याचा मित्र, कवी आणि विद्वान आझाद बिलग्रामी याने ते शोधून काढले, प्रस्तावना जोडली आणि ग्रंथ वाचवला. मग लेखकाचा मुलगा अब्दुल हई याने १७८० पर्यंत त्यात भर घातली. आझाद खुलताबादला विसावला आहे. या ग्रंथात सफवी शाहनवाजखानाचे आणि मुर्शिदकुलीखानाचे चरित्र आहे. मोजणीच्या दोरीची गोष्ट मी इथूनच घेतली.

नवख्याची फसगत होते ती नावांत. शाहनवाजखान तीन आहेत आणि तिघांचाही संबंध आपल्या भागाशी आहे. अब्दुर्रहीम खानखानानचा मुलगा मिर्झा इरज हा पहिला; त्याने १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला मलिक अंबरचा पराभव केला आणि खडकी जाळली. दुसरा दिलरसबानूचा बाप. तिसरा ग्रंथकार. किताब हा माणसाचे नाव नव्हे. तो एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला दिला जाई. म्हणून कागदात किताब दिसला की आधी साल पाहावे, मग माणूस ठरवावा. मराठी लेखनात या तिघांची सरमिसळ झालेली मी अनेकदा वाचली आहे.

साल पाहणे हीसुद्धा शिकायची गोष्ट आहे. फारसी कागदात हिजरी सन असतो, तो चांद्र आहे. मराठी कागदांत शुहूर सन, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. दख्खनच्या वसुली कागदांत फसली, त्यात ५९० किंवा ५९१. मराठवाड्यातल्या वाचकाला फसली परका नाही. निजामाच्या राज्यात १९४८ पर्यंत सरकारी व्यवहार त्याच सनाने चालत. घरातल्या ट्रंकेत जमिनीचा उर्दू कागद असेल तर त्यावर १३५० च्या आसपासचा फसली सन सापडेल. तो सन दख्खनमध्ये शाहजहानच्या काळात, १६३६ च्या सुमारास लागू झाला असे मानतात. म्हणजे शाहनवाजखान सफवीच्या जहागिरीचा हिशोब आणि तुमच्या आजोबांच्या शेताचा हिशोब एकाच कालगणनेत लिहिलेला आहे. ज्यांच्या घरी उर्दू वाचली जाते त्यांचे निम्मे काम आधीच झालेले आहे, कारण लिपी तीच आणि कारभाराचे शब्द बहुतेक तेच. बाकीच्यांनी लिपीला घाबरू नये. छापील नस्ख वाचता येऊ लागली की मग शिकस्ता, म्हणजे कचेरीतली मोडकी वळणदार लिपी, शिक्षकापाशी बसून शिकावी.

मूळ कागद कुठे आहेत? शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातले दख्खनच्या सुभेदारीचे दफ्तर औरंगाबादहून हैदराबादला गेले. तिथल्या अभिलेखागारात ते दीड लाखाहून अधिक कागद आजही आहेत : मनसबदारांच्या हजेऱ्या, घोड्यांच्या डागांच्या नोंदी, जहागिरीच्या सनदा, कमी-जास्त झालेल्या नेमणुका. युसुफ हुसेनखान यांनी शाहजहानच्या काळातले निवडक कागद १९५० मध्ये छापले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे यांनी ‘ऐतिहासिक फार्सी साहित्य’ या मालेतून फारसी कागद मराठी वाचकांपुढे ठेवले. आणि आपल्या निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी तर एकट्याने एका संस्थेचे काम केले. ‘मोगल दरबारची बातमीपत्रे’ उघडले की औरंगजेबाच्या छावणीतला एकेक दिवस मराठीत समोर येतो. त्यांच्या अनुवादांतून मी हे क्षेत्र शिकलो. कुठे सारांश आहे, कुठे गाळणूक आहे, हे ध्यानात ठेवून वाचले तर आजही त्यांच्यापेक्षा चांगला सोबती मराठीत नाही.

वाद या क्षेत्रात पुष्कळ आहेत आणि त्यांतला सर्वांत जुना परदेशी विरुद्ध दख्खनी असा आहे. बहामनी काळापासून समुद्रापलीकडून आलेले आफाकी आणि इथे रुजलेले दख्खनी यांच्यात रक्तपात झाले. महमूद गावानचा बळी त्यातलाच. फिरिश्ता स्वतः अस्त्राबादहून लहानपणी अहमदनगरला आलेला, म्हणून त्याचा कल आफाकींकडे आहे आणि तो लपत नाही. पण आजच्या राजकारणातली बाहेरचे आणि इथले ही विभागणी त्या काळावर चढवली की काहीच नीट दिसत नाही. सिंदखेडचे लखुजी जाधव निजामशाहीचे सरदार, मग मोगलांकडे, परत निजामशाहीकडे, आणि १६२९ मध्ये दौलताबादेत त्यांचा खून. कंदाहारच्या रुस्तम मिर्झाने जे केले तेच त्यांनी केले : तुटणाऱ्या राज्यात आपले घराणे वाचवण्यासाठी धनी बदलला. एकाला आपण राजपुत्र म्हणतो, दुसऱ्याला देशमुख. दोघांपुढचा पेच एकाच जातीचा होता. सफवींची चरित्रे वाचताना मला लखुजीरावांचे आयुष्य जास्त उमगले, आणि उलटही.

तेव्हा सुरुवात कशी करावी, हे सांगून थांबतो. आधी पगडींचे कोणतेही एक पुस्तक घ्यावे. मग ‘मआसिरुल उमरा’तून तीनच चरित्रे वाचावीत : रुस्तम मिर्झा, शाहनवाजखान सफवी, मुर्शिदकुलीखान. ग्रंथाची फारसी प्रत कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने १८८८ ते १८९१ मध्ये छापली आणि बेव्हरिज यांचे इंग्रजी भाषांतर आहे; त्या दोन्ही समोर ठेवून पहिली पाने शब्दशः लावावीत. त्यानंतर आपल्याच तालुक्यातले एक जुने गाव निवडावे आणि त्याचे जुने कागद जमवावेत : वतनाचे महजर, पाटीलकीचे कागद, निजामकाळातले उर्दू वसुली तक्ते, जे कोणाच्या वाड्यात असेल ते. त्यांतले सन लावून घ्यावेत, आणि मग हैदराबादेत जाऊन त्या परगण्याची जहागीर कोणत्या साली कोणाकडे होती ते शोधायला लागावे.